सिंकखालची बादली

अहो,

मी ड्यूटीला निघालेय. काल जेवताना पोरीसमोर म्हणालात, "आपलं घर कसं आपोआप चालतं!" माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गल्लीचे नळ दुरुस्त करत फिरता आणि आपलंच सिंक उन्हाळ्यापासून गळतंय, याचा पत्ता आहे का? कसा असणार! खालची बादली रोज दोन वेळा मी ओतते. आज नाही ओतली. तुम्ही उठाल तेव्हा स्वयंपाकघरात तळं झालेलं असेल. बघा, आपोआप पुसलं जातं का. पोरीलाही हाताशी घ्या, तीही मान डोलवत होती. पान्यांची पिशवी ओट्यावर काढून ठेवलीय.

आणि दाराशी पडलेले तुमचे बूट भिजू नयेत म्हणून स्टुलावर ठेवलेत. ते काही आपोआप चढले नाहीत.