करदोट्याची किल्ली

मंगळवार, दिवस मावळल्यावर

आज सायकलवर धारूर गाठायचंच होतं. नांदूरघाटच्या पुढं एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो आणि अडकलो. घरात म्हातारे आबा एकटेच. पाणी देऊन त्यांनी माझी सायकल गोठ्यात नेली, बैलाच्या साखळीनं खांबाला जखडली आणि कुलपाची किल्ली करदोट्याला बांधली. "पाव्हणा आमच्यातून उपाशी जात न्हाई."

जेवलो. आता तरी किल्ली द्या म्हटलं, तर म्हणाले, "अंधारात घाट कशापायी चढता? रानडुकरं लई हायत."

असा संताप आला! एकट्यानं फिरायचं म्हणून घर सोडलं, ते कुणाच्या कुलपात बसायला? बोलताना सगळं लक्ष त्या किल्लीवर. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बैल कुठंयत?"

"पोरगा-सून गाडी जुंपून ऊसतोडीला गेलेत. नातवंडंबी नेली. साखळी रिकामीच हाय."

माझं तोंड बघूनच की काय, मघाशी त्यांनी करदोटा सोडला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "जायचं तर जा, बाबा."

आत ते अंथरुणं घालतायत. दोन. किल्ली माझ्या मुठीत आहे आणि मला उठवत नाही.