निवट्यांची मोजणी

मॅडम, तुम्ही गेल्याला आता अकरा वर्षं झाली आणि आमच्या टी.वाय.च्या त्या वर्षाला जवळजवळ तीस. मधल्या काळात तुम्हाला भेटायचं म्हणून मी तीनदा रामवाडीला उतरलो होतो. तिन्ही वेळा टपरीवर चहा प्यायलो आणि पुढची एस.टी. पकडून निघून गेलो. तुमच्या घराची खिडकी तिथून दिसायची. एकदा तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होतात, तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरला. चाळिशीकडे झुकलेला माणूस, कंपनीत लॅब इनचार्ज, आणि आपल्या प्राध्यापिकेपासून पेपरामागे लपतो. हे तुम्हाला सांगायला हवं होतं असं नाही, पण कुठूनतरी सुरुवात करायला हवी.

टी.वाय.ला झूऑलॉजी घेणारे आम्ही सहाच जण होतो. लॅबमध्ये फॉर्मॅलिनचा वास, कपाटात पिवळ्या पडलेल्या बरण्या, आणि तुम्ही खडू हातात धरून फळ्याकडे पाठ करून उभ्या. म्हणालात, "दोन वर्षं पुस्तकातलं शिकलात. आता असं काहीतरी शोधून काढा, जे मलाही माहीत नाही." बाकीच्यांनी झुरळं घेतली, गांडुळं घेतली. मी निवट्या म्हणालो तेव्हा वर्ग हसला, कारण आमच्या भागात निवटी म्हणजे कालवणात टाकायची वस्तू. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, ओहोटीला पाणी हटलं की चिखलावर येऊन उड्या मारणारा. तुम्ही हसला नाहीत. "तुमच्या खाडीत किती असतात रे?" असं विचारलंत. मी म्हणालो, खूप. "खूप म्हणजे किती?" मला सांगता येईना. मिठागरावर राबणाऱ्या बापाचा मुलगा मी, जन्मापासून तो चिखल तुडवलेला, आणि कोणी असं काही विचारेल हे डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत मी फक्त पास व्हायला कॉलेजात येत होतो.

पहिल्या रविवारी मी डबाभर जिवंत निवट्या घेऊन तुमच्या घरी आलो. तुमच्या स्वयंपाकघरात कधी मासळी शिजली नव्हती, तरी तुम्ही ओट्यावरची परात पुढे केलीत, त्यात थोडं खारं पाणी आणि चिखल घातलात, आणि एका हाताने उपमा हलवत दुसऱ्या हाताने मला दाखवत राहिलात. ते दृश्य मला आजही आहे तसं दिसतं. एक निवटी परातीच्या काठावर चढून बसली आहे, तुम्ही वाकून तिच्याकडे बघताय, उपमा खाली लागतोय. "हा मासा कातडीतूनही श्वास घेतो. त्यामुळे चिखलात काही वाईट मिसळलं तर माणसाच्या आधी याला कळतं." मग करपलेला उपमा आपण दोघांनी खाल्ला आणि मोजणी कशी करायची ते ठरवलं. बांबूच्या कामट्यांचा एक मीटरचा चौकोन. तो चिखलावर ठेवायचा, आतली बिळं मोजायची, अशा दहा जागा. अमावास्या आणि पौर्णिमेनंतरच्या सकाळच्या ओहोटीला. एक मोजणी आमच्या पेणच्या खाडीत, एक रोह्याच्या खालच्या अंगाला, जिथे वरून कारखान्यांचं पाणी येतं असं लोक म्हणत. वर्षभर दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे.

पेणचे आकडे खरे होते, मॅडम. तिथे बाबा बांधावरून बघत असायचे. "धावू नको. गप उभा रा. ती भायेर येतील, मग मोज." रोह्याला मला एक बाई भेटल्या. चाळिशीच्या असतील, रोज त्याच चिखलात निवट्या धरून बाजारात विकणाऱ्या. पहिल्या दिवशी माझा चौकोन बघून त्या पोट धरून हसल्या. पण घट्ट चिखल कुठे, पाय कुठे रुततो, एका निवटीच्या बिळाला दोन तोंडं कशी असतात, हे सगळं त्यांनीच दाखवलं. घरी नेऊन भाकरी वाढली. जूनपासून दिवाळीपर्यंत मी एकही फेरी चुकवली नाही. तुम्ही वही तपासायचात आणि खाली लाल पेनाने फक्त "छान" लिहायचात.

दिवाळीनंतर मामांच्या ओळखीने मला रोह्यातल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये टेंपररी काम मिळालं. आठवड्यातले तीन दिवस, पहिली शिफ्ट, सकाळी सातला हजर. सुपरवायझर म्हणाला, सुट्ट्या न घेता सहा महिने काढ, पुढे बघू. ओहोटी आणि शिफ्ट एकाच वेळेला यायची; सुट्टीच्या सकाळी कशीबशी पेणची मोजणी व्हायची, रोह्याची राहायची. पहिल्यांदा चुकली तेव्हा वाटलं, तुम्हाला सांगावं. मग वाटलं, पंधरा दिवसांत असा काय फरक पडणार? आधीचे आकडे समोर ठेवले, एखादा वाढवला, दोन कमी केले आणि वही भरली. ते इतकं सोपं गेलं की दुसऱ्यांदा विचारही करावा लागला नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत मी रोह्याच्या चिखलात पाय ठेवला नाही आणि वहीत एकही रकाना रिकामा नव्हता. तुम्ही प्रत्येक वेळी खाली "छान" लिहीत होतात.

मार्चमध्ये त्या बाई आणखी चार-पाच जणींना घेऊन थेट कॉलेजात आल्या. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभ्या राहिल्या. चिखलातली निवटी संपली, तहसील कचेरीत अर्ज दिलाय, साहेब पुरावा मागतो, तुमचा पोरगा मोजत होता ना, मग तुम्ही येऊन सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं. तुम्ही त्यांना बसायला खुर्च्या दिल्यात, माझी वही मागवलीत, पानं उलटलीत. तुमचा चेहरा पडलेला मला दिसला. त्यांच्या बाजूने बोलायची तुमची किती इच्छा होती ते मला कळत होतं. पण तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे जे आहे ते मी सांगेन. जे नाही ते सांगता येणार नाही."

कचेरीतल्या बैठकीला मी तुमच्या मागच्या खुर्चीवर बसलो होतो. तुम्ही उभ्या राहून आकडे वाचलेत. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. घट नाही. साहेब मान डोलावत होते. तेवढ्यात त्या बाई उठल्या. तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "बाय गो, तू कवा उतरलीस त्या चिखलात? ह्यो पोर दिवाळीपासून आलाच नाय. मी रोज तिथं असतंय, मना दिसला नसता?" सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही वळलात. आवाज न चढवता विचारलंत, "गेला होतास ना रे?"

मी म्हणालो, "हो, मॅडम."

तुम्ही पुन्हा साहेबांकडे वळलात आणि म्हणालात, "माझा विद्यार्थी खोटं लिहिणार नाही." त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या, त्यात राग कमी होता, आश्चर्य जास्त होतं. त्यांच्या घरी मी जेवलो होतो. अर्ज त्याच दिवशी निकाली निघाला.

चार दिवसांनी तुम्ही मला सकाळच्या रोहा पॅसेंजरला बोलावलंत. नुसतं म्हणालात, "मला जागा बघायचीय." गाडीत आपण समोरासमोर बसलोय. कासू गेलं, नागोठणे गेलं, तुम्ही बाहेर बघताय, मी तुमच्या मांडीवरच्या वहीकडे. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तासभर होता माझ्याकडे. मी मनात वाक्य जुळवत राहिलो आणि रोहा आलं.

बांधावर तुम्ही चपला काढल्या, साडी खोचली आणि गुडघाभर चिखलात उतरलात. तुम्हाला चालता येत नव्हतं, दोनदा हात टेकलेत, पण माझा हात धरला नाहीत. मी चौकोन ठेवत गेलो. पहिली जागा, दुसरी, पाचवी. बिळं होती, पण तोंडं ढासळलेली, आत काळं पाणी. सबंध चिखलावर काही हलत नव्हतं. दहाही जागा तुम्ही करायला लावल्यात. मग बांधावर येऊन बसलात आणि वही उघडलीत. जून, जुलै, ऑगस्ट, सगळ्या पानांवर चिखलाचे डाग, बोटांचे ठसे, एक पान तर पाण्याने फुगलेलं. नोव्हेंबरपासून पुढची पानं स्वच्छ. तुम्ही त्यांवरून अंगठा फिरवलात, एकामागून एक. मला वाटलं तुम्ही ओरडाल. तुम्ही म्हणालात, "अरे, मी त्या बाईला खोटी ठरवली."

एवढंच. मग उठून, पाय तसेच चिखलाने भरलेले, तुम्ही त्यांच्या घराकडे गेलात. मला ये म्हणाला नाहीत, थांब म्हणाला नाहीत. मी थांबलो. तिथे काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. तुम्ही परत आलात तेव्हा डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कचेरीला पत्र दिलंत, की मोजणी सदोष होती आणि जबाबदारी तुमची आहे. माझा उल्लेख नव्हता. साहेबांनी तुम्हाला शिपायासमोर विचारलं म्हणे, "मॅडम, तुमचं आधीचं खरं मानायचं की आताचं?" अर्ज पुन्हा उघडला गेला नाही. चिखलात काय मिसळलं, कुठून आलं, हे कोणी तपासलं नाही. मी ज्या कंपनीत होतो तिथूनच आलं असेल असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही. आणि ते शोधायची मला इच्छाही नव्हती, हेही खरं. स्टाफरूममध्ये तुमच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते बाहेर आम्हालाही ऐकू यायचं. कोणी म्हणायचं पैसे घेतले, कोणी म्हणायचं घाबरल्या. तुम्ही मला बोलावून सांगितलंत, "रोह्याची पानं काढून टाक. पेणचीच दे." मी पायाकडे बघत विचारलं, मला नापास करणार नाही का? तुम्ही म्हणालात, "तुझं वर्ष घालवून तिथे निवट्या परत येणार नाहीत." मी सुटलो, मॅडम. त्या क्षणी मला खरंच फक्त सुटल्यासारखं वाटलं.

रिझल्ट लागल्यावर कंपनीने कॉलेजचा दाखला मागितला आणि मी निर्लज्जासारखा तुमच्याचकडे आलो. तुम्ही तो माझ्यासमोर लिहिलात. आमच्या वर्गातल्या दुसऱ्या मुलाला तुम्ही दिलेला दाखला मी पाहिला होता: मेहनती, हुशार, प्रामाणिक. माझ्यात मेहनती होतं, हुशार होतं, आणि तिथेच पूर्णविराम होता. तुम्ही तो घडी घालून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "नोकरी नीट कर." कंपनीतल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र तो कागद वाचायला घेतला की डोळे आपोआप त्या पूर्णविरामावर जायचे.

पुढच्या वर्षीपासून तुम्ही मुलांना खाडीवर पाठवणं बंद केलंत. नंतरच्या बॅचच्या एका मुलाकडून कळलं की टी.वाय.चं प्रोजेक्ट आता लायब्ररीतल्या पुस्तकांवरून करतात. जे कोणालाच माहीत नाही ते शोधायला सांगणाऱ्या तुम्ही. आणि त्या बाई मला पुन्हा दिसल्या, कोलाडला, हायवेवरच्या एका हॉटेलच्या मागच्या बाजूला, कांदे चिरत. मी सहकाऱ्यांबरोबर जेवायला थांबलो होतो. त्यांनी ओळखलं. "बरा हाय ना रं?" असं विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या ताटात स्वतः येऊन भात वाढला आणि मी तो सगळा खाल्ला.

तुमच्या जाण्याची बातमी मला तेराव्यानंतर कळली, असं मी मित्रांना सांगितलं. खरं म्हणजे त्याच दुपारी फोन आला होता.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. माझ्या मुलीने यंदा टी.वाय.ला झूऑलॉजी घेतलंय. गेल्या रविवारी जेवताना तिने विचारलं, "बाबा, तुमचं प्रोजेक्ट कशावर होतं?" मी निवट्यांचं सांगितलं, परातीचं सांगितलं, उपम्याचं सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "आणि काय निघालं शेवटी?" मी म्हणालो, "काही विशेष नाही. आकडे सारखेच आले." ती "अच्छा" म्हणाली आणि जेवायला लागली. तिने माझ्यावर सहज विश्वास ठेवला.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. खरं तर हे तिच्या हातात द्यायला हवं. पण तुम्ही काही विचारणार नाही, ती विचारेल, म्हणून मी हे तुम्हाला लिहिलं.