सातवा कुकर आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा कुकर दुरुस्ती, हा कागद पूर्ण शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसे काही लिहून दिलेले नाही. येत्या गुरुवारी ते माझी छाती उघडणार आहेत. शेजारच्या शिंपीबुवांनी आजवर तीन मृत्युपत्रांवर साक्ष केली आहे, त्यामुळे त्यांना सगळे नियम पाठ आहेत. 'कोणाच्याही दबावाखाली न येता' असे सुरुवातीला लिहायचे असते, असे ते म्हणाले. माणसाचा दबाव माझ्यावर नाही. भीती आहे, आणि ती ऑपरेशनची नाही. कशाची, ते कलम पाचमध्ये येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोन वर्षांपूर्वी एकदा लिहायला बसलो होतो, पण कलम पाचपाशी आलो आणि चहा करायला उठलो.

कलम १. दोन खोल्यांचे घर, मागची मोरी आणि गच्चीवर कपडे वाळत घालण्याचा हक्क माझ्या पत्नीकडे जावा. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही तिचेच. तिच्या पश्चात सगळे मुलीचे. पत्नीशी मी एक गोष्ट खोटे बोललो आहे, ती इथेच निस्तरतो. शेजारी कोणाचा कुकर लागला की मी जेवता जेवता थांबतो. ती कारण विचारते, आणि मी धंद्याची सवय म्हणून सांगतो. सवय वगैरे काही नाही. शिट्टी झाली की मला बरे वाटते, कारण वाफ बाहेर पडली. पहिली शिट्टी होऊन दुसरी लवकर येत नाही, तेव्हा माझा घास घशाखाली उतरत नाही. अकरा वर्षे मी असा जेवतो आहे.

कलम २. दुकान आणि हत्यारे माझ्या भाच्याला. पाने, पकडी, वाकडे झाकण सरळ करायचा लाकडी ठोकळा, रिंगांचे डबे, शिट्ट्यांची पेटी आणि मागच्या भिंतीजवळची शेगडी. शेगडी विकायची नाही. दुरुस्त केलेला कुकर गिऱ्हाइकाला रिकामा परत द्यायचा नाही, ही या दुकानाची रीत आहे. नुसते पाणी उकळून कुकर कळत नाही. त्यात अन्न शिजले की त्याचे खरे गुण बाहेर येतात. म्हणून प्रत्येक कुकरमध्ये मी सूप लावतो आणि सुपासकट तो घरी पाठवतो. भाच्याने एकदा विचारले होते, "मामा, आपण दुरुस्तीचं दुकान चालवतो की खानावळ?" तो हसत होता म्हणून मीही हसलो. पण बाई घरी जाऊन झाकण उघडते आणि आत जेवण तयार असते, तेव्हा तिचा माझ्यावर जो विश्वास बसतो, तो पाटी लावून बसत नाही. त्या विश्वासाचे मी काय केले, ते पुढे आहे.

चाचणीचे सूप असे: मूठभर मसूर, एक कांदा, एक गाजर, अर्धा बटाटा, मीठ, चार मिरे. पाणी धरून सगळे मिळून अर्ध्या भांड्याच्या वर नाही. डाळीला फेस येतो, फेसाबरोबर सालपट वर चढते आणि शिट्टीच्या नळीत अडकते. तीन शिट्ट्या, मग गॅस बंद. झाकण आपोआप सैल होईपर्यंत हात लावायचा नाही.

कलम ३. माझी वही मुलीला. त्या वहीत स्वस्तातली बेचाळीस सुपे आणि रस्से आहेत. भाजीवाला टाकून देतो त्या फ्लॉवरच्या दांड्यांचे सूप आहे. खाटीक जवळजवळ फुकट देतो त्या हाडांचा आणि जवांचा रस्सा आहे. शिळ्या पावाने दाट केलेले टोमॅटोचेही आहे. शेवटची नऊ पाने स्लो कुकरची आहेत, ती फक्त तिच्यासाठी लिहिली. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, आधी साध्या पातेल्यात दहा मिनिटे खळखळून उकळायचा आणि मगच मंद आचेच्या भांड्यात घालायचा. तसे न केल्यामुळे जावयाचे पोट दोन दिवस बिघडले होते, आणि दोष भांड्यावर आला होता.

तिच्या लग्नात मैत्रिणींनी तिला प्रेशर कुकर दिला होता. तो मी तिला न विचारता उचलून आणला आणि त्या जागी विजेचा स्लो कुकर ठेवला. ती म्हणाली, "बाबा, गावभरचे कुकर दुरुस्त करता, आणि स्वतःच्या मुलीला एक कुकर वापरू देत नाही?" दोन वर्षे ती माझ्याशी कामापुरते बोलत होती. तो कुकर चांगला होता, त्याला मी हातही लावलेला नव्हता. माझ्या मुलीने एका बंद झाकणासमोर उभे राहावे, हेच मला सोसवत नव्हते.

कलम ४. समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराला काही नाही. वीस वर्षे तो गिऱ्हाइकांना सांगत आला की दुरुस्त केलेला कुकर घरात ठेवणे म्हणजे विस्तवाशी खेळ, त्यापेक्षा नवा घ्या. मी त्याला चारचौघांत खोटारडा म्हणालो होतो. सात कुकरांपुरते त्याचे म्हणणे खरे होते. एवढा निरोप त्याला द्यावा.

कलम ५. झाकणावर शिट्टीच्या बाजूला एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात मऊ धातूची गोळी असते. शिट्टीची नळी तुंबली आणि आत वाफ कोंडली की ती गोळी वितळते आणि वाफ तिथून सुटते. जेवण वाया जाते, भिंत रंगते, पण माणूस वाचतो.

माझ्या पाटीवर तेव्हा लिहिलेले होते, 'इथे बसवलेला व्हॉल्व्ह पुन्हा उडणार नाही.' ही ओळ मीच लिहिली होती आणि तिचा मला अभिमान होता. पण लोक डाळ गळ्यापर्यंत भरायचे, व्हॉल्व्ह उडायचा, आणि ते माझ्याशी भांडायला यायचे. अकरा वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात सात जण आले. तेव्हा ठोक व्यापाऱ्याकडे नवे व्हॉल्व्हही नव्हते. मी सातही व्हॉल्व्हांमधली गोळी काढली आणि त्या जागी पितळेचा स्क्रू पिळून बसवला. काम सफाईदार केले. बाहेरून कोणाला कळले नसते. सातही कुकरांमध्ये सूप लावून दाखवले, नीट शिजले, कारण मी अर्धेच भरले होते. अक्कल गहाण ठेवणे म्हणतात ते हेच.

बाराव्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या बेकरीत स्फोट झाला. बेकरीवाल्या ताईंनी दुपारच्या जेवणाला वाटाण्याचे सूप लावले होते. झाकण छतात रुतले. ताईंचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. मी धावत गेलो. जमिनीवर झाकणाचा तुकडा पडला होता, त्यात माझा स्क्रू जागच्या जागी होता. मी तो तुकडा खिशात घातला. सगळ्यांसमोर ताईंना म्हणालो, "वरपर्यंत भरू नका, असं मी सांगितलं होतं ना?"

त्या हो म्हणाल्या. त्यांनी तो दोष घेतला. त्यांच्या सासूबाई त्यांना शेवटपर्यंत ऐकवत राहिल्या, आणि मी त्याच बेकरीतून रोज पाव आणत राहिलो. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे आजही सरळ होत नाहीत.

उरलेल्या सहांपैकी पाच मी महिन्याभरात परत मिळवले. फुकट रिंग बदलून देतो म्हणून घरोघर गेलो आणि व्हॉल्व्ह बदलले. लोकांनी मला दुवा दिला. पाचही स्क्रू पेटीच्या खालच्या खणात आहेत.

कलम ६. सातवा कुकर सापडलेला नाही. पाच लिटरचा आहे, झाकणाच्या दांड्याला निळी तार गुंडाळलेली आहे. व्हॉल्व्ह आतून पाहिला तर स्क्रूच्या डोक्यावरची आडवी खाच दिसते. तो आणणाऱ्या बाई एकदाच आल्या. दुकानाच्या वहीत मी नाव लिहिले नाही, 'हिरवी छत्री' एवढेच लिहिले. त्या बोलक्या होत्या. दोन लहान मुले आहेत, दिवसभर काम असते, म्हणून रविवारी एकदाच मोठा रस्सा लावते आणि तो आठवडाभर पुरवते, असे म्हणाल्या. स्वस्त पडते म्हणून वाटाणे आणि डाळ जास्त घालते, असेही म्हणाल्या. मुलांना आवडेल म्हणून मी त्यांच्या चाचणीच्या सुपात एक गाजर जास्त घातले.

तेव्हापासून माझा रविवार कसा जातो, ते पत्नीला माहीत आहे, त्यामागचे कारण माहीत नाही. मी सकाळी दहाला बाहेर पडतो आणि ओळख नसलेल्या गल्ल्यांमधून फिरतो. खिडक्यांखाली थांबतो. लोकांना वाटते म्हातारा दमला. शिट्टी झाली की पुढची खिडकी. मुले आता मोठी झाली असतील, झालीच असतील, असे मी स्वतःला सांगतो. अँब्युलन्स गेली की दुकानाच्या कडीला धरून उभा राहतो. अकरा वर्षे काही झाले नाही म्हणून पुढच्या रविवारी होणार नाही, असे कोणत्याही कुकरच्या बाबतीत म्हणता येत नाही. मी हेच काम करतो, मला ते कळते.

भाच्याला दुकान या एकाच अटीवर दिले आहे: त्याने तो कुकर शोधावा. सापडेपर्यंत रविवारी दुकान बंद.

कलम ७. हा कागद पाकिटात बंद करून लाखेची मोहर लावावी आणि माझ्या मृत्यूनंतरच उघडावा. गुरुवारी मी वाचलो, तर पाकीट परत माझ्याकडे द्यावे.

(यापुढचे आज सकाळी लिहिले.)

दोन साक्षीदार लागतात. एक शिंपीबुवा. दुसऱ्या म्हणून मी बेकरीवाल्या ताईंनाच बोलावले, कारण त्या कधी चौकशा करत नाहीत. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही करताना पाहिले की झाले, असे शिंपीबुवांनी सांगितले होते, आणि त्याच भरवशावर मी होतो. ताई पीठ झटकून आल्या. पंख्याने कागद उडत होता, म्हणून त्यांनी डाव्या हाताने तो दाबून धरला आणि उजव्या हाताने पेन मागितले. ती दोन वाकडी बोटे कलम पाचवरच होती.

मी त्यांना थांबायला सांगितले आणि पहिल्या ओळीपासून सगळे वाचून दाखवले. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. शिंपीबुवा मान खाली घालून बसले होते.

ताईंनी कागदावरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "मला अंदाज नाही, असं सासूबाई म्हणायच्या. नंतर नंतर मीच म्हणायला लागले. पीठ मळताना, पैसे मोजताना, मुलीला रागावताना. मला अंदाजच नाही."

मी माफी मागितली. त्या ती ऐकायला थांबल्या नाहीत. दहा मिनिटांनी परत आल्या, त्या कुकर घेऊन. स्फोटानंतर घेतलेला हा दुसरा कुकर, त्याची रिंग आणि व्हॉल्व्ह मी दरवर्षी बदलत आलो आहे. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला.

"उघडा."

मी व्हॉल्व्ह काढला. आतली गोळी शाबूत होती, मऊ होती, नखाने खूण उमटत होती. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"मला यातलं काय कळतं, काका? तुम्ही बरोबर आहे म्हणाल, तर मी बरोबर आहे म्हणायचं."

मग त्यांनी कलम सातवर बोट ठेवले. "ती बाई या रविवारी रस्सा लावणार. तिने तुमच्या मरणाची वाट का बघायची? आधी हे दाराला लावा, मग सही करते."

म्हणून कलम सात रद्द. कलम पाच आणि सहा मोठ्या अक्षरांत उतरवून, सातव्या कुकरच्या वर्णनासह, मी स्वतः दुकानाच्या दारावर चिकटवले आहे. दुसरी प्रत समोरच्या भांड्यांच्या दुकानात दिली. दुकानदाराने ती काचेवर लावली. मुलीला फोन करून सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि 'निघते' एवढेच म्हणाली. ती येऊन काय बोलेल याची धास्ती आहे, तरी तिला येऊ नको म्हणालो नाही. दारापाशी लोक थांबून वाचत आहेत. मी आत बसलो आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा नियम आहे. ताईंना देण्यासारखे माझ्याकडे तसेही काही नव्हते.

स्थळ: दुकानाची मागची बाजू, शेगडीजवळ.
दिनांक: चौदा, मंगळवार, सकाळी साडेअकरा.

सही: कुकरवाला मिस्त्री

साक्षीदार पहिला: शिंपी, शेजारचे दुकान. आमच्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरी: बेकरीवाली. माझ्यासमोर सही झाली. उजव्या हाताने लिहिले.

टीप, पहिल्या साक्षीदाराच्या हातची: मिस्त्रींनी व्हॉल्व्ह पुन्हा बसवून, रीतीप्रमाणे कुकरमध्ये सूप लावून दिले. तीन शिट्ट्या झाल्या, झाकण सैल झाले. बेकरीवाल्या बाई सही करून गेल्या. कुकर नेला नाही.