तब्येत सुधरल्याची तक्रार

तीर्थस्वरूप वामनराव भाऊजींच्या चरणी अमरावतीहून किशोरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घ्यावा. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला शेजारून माणसं बोलवावी लागतील.) आपली आणि आशाताईची प्रकृती उत्तम आहे, हे आपण रोज पहाटे उगवत्या सूर्याच्या चित्रासह मोबाइलवर कळवताच, म्हणून वेगळी विचारपूस करत नाही. वच्छला बरी आहे. माझ्याबद्दल पुढे लिहिलं आहे, बसून वाचावं.

कळवण्यास अत्यंत खेद होतो की, आपण पुण्याहून माझ्या वाढदिवसाला पाठवलेला तो पावलं मोजणारा मनगटी पट्टा माणसाला बसू देत नाही. मी तक्रारखोर नाही, आपण जाणताच. पण खुर्चीत नीट टेकलो नाही तोच मनगटावर मेलेला बेडूक जिवंत व्हावा तसा तो थरथरतो आणि ‘उठा, जरा चाला’ अशी अक्षरं उमटवतो. आमच्या घरी हे सांगायला वच्छला आहे. तिला निदान ‘थांब’ म्हणता येतं. (ती थांबत नाही, पण म्हणता येतं.)

त्या पट्ट्याचा पहिला प्रसाद सांगतो. साहेबांची आढावा बैठक चालू होती. अकोल्यातलं आमचं ते कार्यालय आपण पाहिलं आहे. खात्याचं नाव लिहीत नाही; पत्र कुणाच्या हाती पडेल नेम नाही. तर साहेब विचारत होते, रिकाम्या झालेल्या टेबलाचं काम कोण बघणार? सगळे फरशीकडे बघत होते. एवढ्यात पट्टा थरथरला आणि मी झोपेतून दचकून सरळ उभा राहिलो. साहेब गहिवरले. म्हणाले, “याला म्हणतात वृत्ती! किशोरराव स्वतःहून उभे राहिले.” टाळ्या झाल्या. तेव्हापासून माझ्याकडे दोन टेबलं आहेत आणि बसायला वेळ नाही. आपल्या पट्ट्याचा उद्देश अशा रीतीने सफल झाला.

बरं, आपले उपदेश मी पाळत नाही अशी ताईची समजूत आहे, ती चूक आहे. आपण म्हणता पहाटे उठा. भाऊजी, ज्याला अकोल्याला अपडाऊन करायचं त्याला पहाट कोण दाखवणार? आपण ऊन पाण्यात लिंबू पिळत असता तेव्हा मी हेल्मेट घालून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलेलो असतो. आपण म्हणता घास बत्तीस वेळा चावावा. तेही केलं. बडनेऱ्याला रेल्वेत बसून तोंडात घातलेला घास मूर्तिजापूर आलं तरी चालूच होता, आणि शेजारच्या माणसाने मला गुटखा थुंकायला खिडकी उघडून दिली. आपण म्हणता बाहेरचं खाऊ नका. डबा दुपारी उघडावा तर त्याच वेळी वरून ‘तातडीची माहिती’ मागितली जाते, आणि मग संध्याकाळी स्टेशनाबाहेर जे कढईत असेल ते पोटात जातं. (मागच्या दिवाळीत आपण अमरावतीला आलात तेव्हा गिला वडा ‘फक्त चवीपुरता’ म्हणून किती वेळा चव घेतलीत, हे मी पुण्यात कुणाला बोललेलो नाही.)

आता मुख्य दुखणं. माझी साखर वाढलेली आहे, रक्तदाब तिच्या मागोमाग आहे, आणि रात्री तळपायाला मुंग्या येतात. बाबांच्या पायाचं काय झालं ते आपण दवाखान्यात उभं राहून पाहिलं आहे, त्यामुळे त्याच्यावर विनोद करत नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: गोळ्या देतो, पण हे अपडाऊन बंद करा. म्हणून वैद्यकीय कारणावरून अमरावतीला बदली मिळावी असा अर्ज केला. आता मजा बघा. बदली मिळवायची तर मी आजारी दिसलो पाहिजे, आणि नेमका त्याच वेळी सरकारी खर्चाने आम्हाला निरोगी करण्याचा मुहूर्त निघाला.

मोहिमेचं नाव ‘तंदुरुस्त कर्मचारी, गतिमान कार्यालय’. मुंबईहून एक आरोग्य मार्गदर्शक आले. पोटऱ्या घोड्यासारख्या, आणि आयुष्यात कधी कुणाची फाईल न शोधलेला प्रसन्न चेहरा. त्यांचं व्याख्यान जेवणाच्या सुट्टीत ठेवलं, त्यामुळे ‘वेळेवर जेवा’ हा मुद्दा सर्वांनी उपाशीपोटी ऐकला. ते म्हणाले, दर तासाला खिडकीशी जाऊन दीर्घ श्वास घ्या. आमच्या खिडकीखाली मुतारी आहे. ते म्हणाले, ताण घेऊ नका. साहेबांनी ते लगेच लिहून घेतलं आणि कोणी किती ताण घेतला नाही याचा अहवाल त्याच दिवशी मागवला. अहवाल होईपर्यंत आमची गाडी निघून गेली.

पुढे स्पर्धा जाहीर झाली: महिनाभरात सर्वांत जास्त पावलं चालेल तो ‘तंदुरुस्त कर्मचारी’. दोन टेबलांच्या मध्ये मी कुठे चालणार? पण सर्वांत खाली नाव लागलं तर साहेब कारण विचारतील, म्हणून मी पट्टा काढून आमच्या शिपायाच्या, शालिकरामच्या हाती बांधला. लिफ्ट बंद आहे. (ती चालू असताना कशी दिसत होती हे सांगणारी पिढी निवृत्त झाली.) त्यामुळे चहा, फायली आणि साहेबांचं पान घेऊन हा दिवसभर जिने चढतो-उतरतो. त्याला म्हटलं, “बाबा, काही करायचं नाही, फक्त हातात ठेव.” तर म्हणाला, “ठेवतो नं जी. पण हे मले काय सांगते?” मी म्हटलं, बसलं की उठ म्हणते. तो हसला. “मंग मले नाही तरास देत. मले बसू कोन देऊन राह्यलं?” आणि खरोखरच भाऊजी, त्या पूर्ण महिन्यात त्याच्या मनगटावर पट्टा एकदाही थरथरला नाही.

निकाल काय लागला ते आपण ताडलंच असेल. मी पहिला आलो. नुसता पहिला नाही, दुसऱ्याला दिसेनासा होईल इतका पहिला. शाल, श्रीफळ आणि पेपरात फोटो. फोटोत मी पोट आत ओढलं आहे आणि मागे ट्रे घेऊन शालिकराम उभा आहे. त्याचं डोकं कापलं गेलं.

त्यानंतर लगेचच वैद्यकीय मंडळाचं बोलावणं आलं. डॉक्टर तरुण, पुण्याकडचे, आपल्यासारखेच शुद्ध बोलणारे. मला पडद्यामागे झोपवलं, छातीला चिमटे लावले आणि ‘हलू नका, बोलू नका’ अशी तंबी दिली. पडद्याबाहेर वच्छला. डॉक्टरांनी तिला गोड आवाजात विचारलं, “काकू, अकोल्याला जायला लागल्यापासून यांच्या तब्येतीत काय फरक वाटतो?” आणि आपल्या या मेहुण्याच्या धर्मपत्नीने कपाळावर हात मारून, अत्यंत दुःखाने उत्तर दिलं:

“काय सांगू जी तुमाले! पहिले काडीसारखे होते. अकोल्याले जाऊन जाऊन लय तब्येत सुधरली यायची!”

भाऊजी, आपण मूळचे इकडचेच, भातकुलीचे. आपल्याला सांगायला नको की आपल्याकडे तब्येत सुधरली म्हणजे माणूस फुगला. वच्छला पुढे शर्टाच्या गुंड्या, जिन्यातली धाप, रात्रीचं घोरणं, सगळं सांगत होती. पण डॉक्टरांचं पेन पहिल्याच वाक्याला धावत सुटलं होतं. मी पडद्यामागे चिमट्यांसकट हातवारे केले. त्यांनी यंत्राकडे बघून फक्त “हलू नका” म्हटलं. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला: “अभिनंदन. पेपरात फोटो पाहिला होता.” मंडळाचा अभिप्राय शब्दशः असा: ‘आजार आहे, तथापि प्रकृतीत लक्षणीय सुधारणा. रुग्णाच्या पत्नीचे म्हणणेही तसेच. नित्य प्रवास रुग्णास मानवल्याचे दिसते.’ बदली नामंजूर. वच्छला अजून विचारते, “मी काय खोटं बोलली? सांगा नं!” तिला काय सांगू? ती खरंच बोलली.

असो. देशात वैद्यकशास्त्र फार पुढे गेलं आहे, फक्त बाईचं वाक्य पूर्ण ऐकण्यापर्यंत पोचायचं आहे. पहाटेच्या संदेशांची आता गरज नाही. मी सरकारी शिक्क्यानिशी सुधारलेला माणूस आहे. ताईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक (उपदेश सोडून),
किशोर

ता. क. आपण हयातभर शाळेत मराठी शिकवलीत, ती कुणाच्या उपयोगी पडली असं मला आजवर वाटलं नव्हतं. आता वाटतं. फेरतपासणीचा अर्ज सोमवारी द्यायचा आहे. ‘वऱ्हाडात तब्येत सुधरणे म्हणजे लठ्ठ होणे’ असा दाखला आपल्या सहीने, निवृत्त मुख्याध्यापक असा हुद्दा घालून, आजच पाठवावा. पुण्याच्या पत्त्यावरून आला म्हणजे डॉक्टरांना पटेल. वर जे काही कमी-जास्त लिहिलं असेल ते या विनंतीपुढे वाचू नये. भाऊजी, पाय वाचला पाहिजे.

ता. क. दुसरा. सूर्याचे संदेश बंद करू नयेत. परवा आपला आला नाही, तर वच्छलाने मला गाडीत बसायच्या आधीच ताईला फोन लावायला लावला.

ता. क. तिसरा. पट्टा परत मागू नये, तो शालिकरामकडेच आहे. श्रीफळाची चटणी होऊन गेली होती. पण शाल काल सकाळी घडी करून त्याच्या स्टुलावर ठेवली. त्यानं ती उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि पिशवीत घातली. दुपारी मी जिने उतरून खाली गेलो आणि दोन चहा घेऊन वर आलो. वर पोचेपर्यंत निम्मा बशीत होता आणि मी भिंतीला. “बसा जी,” तो म्हणाला. मी म्हटलं, तू बस. तो स्टुलावर बसला आणि चहा फुंकून फुंकून, सावकाश प्यायला. इतका सावकाश की, पहिल्यांदाच त्याच्या मनगटावर पट्टा थरथरला.

आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.