चुलीवर भाकर आढळली

४ फेब्रुवारी १९१९

कोंडी, पाय कसे गं? पारू, खोकला? मंगळ्याचा ताप उतरला का? — आज वाडीत घरोघर हेच विचारत फिरले. दुष्काळात सरकारचं फुकट धान्य खाऊन माणसं कितपत सावरली, ते पाहणी करणाऱ्या पुण्याच्या मंडळींना जाणून घ्यायचंय. लिहिता येणारी, झोपडीत शिरायला न लाजणारी बाई हवी होती — मी सापडले!

कोंडी एकटी विधवा. साथीच्या तापापासून पाय सुजलेत, भोपळेच जसे. तरी उठून नाचणीची भाकर वाढली. "खा गं बाय! पावनी तशीच जाईल व्हय?" खाल्ली. गोड लागली. वहीत प्रश्न होता, घरात आज काय शिजलं? खरं तेच लिहिलं — चुलीवर भाकर आढळली.

१७ फेब्रुवारी

कोंडीचं नाव फुकट धान्याच्या यादीतून काढलं! पुण्याला धाडायला कचेरीत दिलेली माझी वही कारकुनाने चाळली म्हणे. घरात भाकर आहे, मग फुकट धान्य कशाला? दुष्काळी कामावर खडी फोडायला जा. त्या पायांनी!

१८ फेब्रुवारी

तिची शेजारीण पारू ओढ्यावर भेटली. "ती भाकर कोंडीची कुठली गं! तू येनार म्हनून आमी चार घरांनी मूठमूठ पीठ दिलं. तू जेवलीस, ती पानी पिऊन निजली." वर हसली मेली. "लई भूक व्हती गं तुला!"

लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात. मी तिच्या सुजल्या पायांवर मारला.

१९ फेब्रुवारी

कचेरीत गेले. "रावसाहेब, ती भाकर मी खाल्ली हो." "अक्षर तुमचंच ना, बाई?" हातापाया पडले. शेवटी कारकून म्हणाला, सोमवारी वाडीत येऊन बघतो. खरंच चालवत नसेल तर नाव पुन्हा घालू.

देव पावला!

२० फेब्रुवारी

पुण्याला पत्र टाकलं. भाकर माझ्या पोटात गेली, तिच्या नव्हे, एवढं वहीत लिहून घ्या. उत्तर लवकर धाडा.

वाडीकडे पाऊल वळत नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी दारात हाक — "बाय, हायस का?" कोंडी! दोन कोस, काठी टेकत, बसत-उठत. "इतकं दिस आली नायस. म्हनलं, पडलीस का काय आजारी."

बसवलं. पाय शेकायला घेतले. तर म्हणते, "कचेरीफुडं तुझा तो कारकून उभा व्हता. लई चांगला मानूस गं! मी पार वळनापातूर जाईस्तवर बघत व्हता, कशी चालते ती."