कुंकू लागलेला माऊस

बीडीडी चाळ, वरळी
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय विनू,

ताई कागदावर लिहायला लागली म्हणून हसू नकोस. टीमच्या सरांनी तुम्हा पोरांचे फोन गेमिंगची फायनल होईपर्यंत कपाटात ठेवलेत आणि माझ्या मेसेजना जी उत्तरं येतात ती तुझी नाहीत. 'ऑल गुड दीदी' असं तू मला जन्मात कधी म्हटलं नाहीस रे. मी काय इतकी येडी आहे? म्हणून हे शेजारच्या प्रितीच्या हाती देतेय. लोअर परळला तुम्ही राहता त्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या दवाखान्यात ती कामाला लागलीय. आजूबाजूला कुणी नसेल तेव्हा वाच.

आई बरी आहे, फक्त तुझ्यावर फुगलीय. खंडेनवमीला नवा माऊस पूजेला घेऊन दोन घटका आलास, वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं ओरपलंस आणि पूजेतून माऊस उचलून पळालास. हत्यारं पूजेला मांडली की दसरा होईपर्यंत हलवायची नाहीत, हे ती काल दिवसभर भिंतीला ऐकवत होती. आजोबा गिरणीत साच्याला, म्हणजे मागाला, हार घालायचे, बाबा टॅक्सीला घालायचे, आणि आता तिच्या ताटात माझे पेचकस आणि तुझे माऊस. त्यातही तिनं दोन्ही माऊस उलटे करून खालच्या भोकालाच कपाळ ठरवलं आणि ओलं हळदकुंकू नेमकं सेन्सरवर फासलं! तू केवढा किंचाळलास. मी तर हसून हसून खाली बसले. विनू, त्यानंतर मी हसलेले नाही.

तो तुझा जुना माऊस आणून मी तुला दिला तेव्हा काय थोबाड केलं होतंस, आठवतं? तुला सात रंगांचे दिवे लागणारा, अंगठ्याखाली बटणांची रांग असलेला पाहिजे होता. हा काळा, मुका. दोन बटणं, एक चाक, एक वायर. पण आठवड्याभरात तूच मंडळाच्या खोलीत पोरांना भाषण द्यायला लागलास. हलका आहे, मनगट दुखत नाही. बॅटरी नाही, म्हणजे ऐन गेममध्ये मरणार नाही. कुठलं सॉफ्टवेअर नको, कुठल्याही मशीनला लावा, हाताला तसाच लागतो. त्याचे भोगही आपण भोगलेच की. वायर टेबलाच्या कडेला अडायची म्हणून तू ती रबरबँडनं मॉनिटरला टांगायचास. घामानं कडा चिकट व्हायच्या. वर्षभरात डावं बटण एका क्लिकचे दोन करायला लागलं, ते मी दादरच्या दुकानातून स्विच आणून बदललं. नेम चुकला की मात्र त्याला बोल लावायची सोय नव्हती. तू चुकलास की तूच चुकलास. तुझा हात त्यानंच घडवला, असं मी सगळ्यांना सांगत फिरायची.

म्हणून सरांनी टीममध्ये घेतल्यावर तुला तसलाच नवा माऊस दिला तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, माणसाला खेळातलं कळतं. मग तू जिंकायला लागलास. महिन्याभरात तुझा हात असा काही बसला की गेममधली बंदूक धडधडत असताना नेम तसूभर वर जात नव्हता. तू फोनवर नुसता उड्या मारत होतास आणि मी कामावर, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पेढे वाटले.

काल सकाळी, आपट्याची पानं नुकतीच आणून दारात ठेवली होती, तेव्हा एक माणूस आला. पांढरा शर्ट, चपला बाहेर काढून वगैरे, अगदी सभ्य. पूजेच्या गडबडीत विनीत जुना माऊस घेऊन आलाय, नवा इथेच राहिलाय, तो द्या म्हणाला. आईनं सांगितलं, पूजा उठली नाही, उद्या या. तो हसला, पण जागचा हलला नाही. गॅलरीच्या कठड्याला टेकून ताटाकडे बघत राहिला. मग बोलता बोलता माझ्या दुकानाचं नाव घेतलं, मी किती वाजता सुटते तेही. मी त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तू सांगितलं असशील, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तो गेल्यावर माझं डोकं चालायला लागलं. अरे, साध्या माऊसचा मोठा गुण काय? हरवला, मोडला, तर दुसरा घ्यावा. दादरला जाऊन येईपर्यंत काम होतं. मग त्याच्यासाठी कुणी माणूस का धाडावा? मी आईच्या शिव्या खाल्ल्या, ताटातून तो माऊस उचलला आणि उघडला. दिवसभर मी हेच तर करते. साध्या माऊसच्या पोटात काय असतं ते मला डोळे मिटून सांगता येईल. त्यात एक जास्तीची चकती होती, नखाएवढी, बारीक वायरींनी जोडलेली. काम इतकं सुबक की आधी मला कौतुकच वाटलं. मग मी तो कॉम्प्युटरला लावला आणि डावं बटण दाबून हात अजिबात न हलवता बसले. स्क्रीनवरचा बाण आपला आपण खाली सरकायला लागला. सावकाश, गोळ्या झाडताना गेममधली बंदूक जेवढी वर उडते तेवढाच खाली. मी बटण सोडलं, बाण थांबला.

तुझा हात बसला नव्हता रे. मला मेलीला हे तुला असं कागदावर सांगावं लागतंय. दिव्यांचे, बटणांचे माऊस स्पर्धेत तपासतात, त्यांचं सॉफ्टवेअर बघतात. साध्याकडे कोण बघतो? त्याच्यात काही नसतंच, हे सगळ्यांनी धरलेलं असतं. म्हणूनच त्यांनी हा निवडला. तुला हे ठाऊक नव्हतं ना, विनू? नव्हतंच. मी असंच धरून चाललेय.

आज सकाळी मी लीलाकाकूंकडे गेले. आमच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर राहतात त्या. त्यांचा अनिमेष याच सरांकडे खेळायचा, आणि एकदम त्याचं नाव ऐकू येईनासं झालं. काकू आधी दार उघडेनात. मी ती चकती तळहातावर धरून दाखवली तेव्हा त्यांना रडूच फुटलं. अनिमेषही असाच जिंकला, मोठी फायनल जिंकला, आणि त्याच संध्याकाळी सरांनी त्याच्यासमोर त्याचाच माऊस उघडला. म्हणाले, बाहेर कळलं तर जन्मात खेळता येणार नाही, चाळीत तोंड दाखवता येणार नाही, तेव्हा सांगतो तसं कर. मग त्यांच्या सट्ट्यासाठी सांगतील तेव्हा हरायचं. हरून हरून नाव गेलं तेव्हा त्याला मागच्या खोलीत बसवलं. तो घरी येत नाही, काकूंना महिन्यातून एकदा फोन करतो, आणि कुणीतरी शेजारी उभं असल्यासारखा बोलतो. तू ज्याच्याबद्दल सांगत होतास ना, मागच्या खोलीत सगळ्यांचे माऊस दुरुस्त करणारा, कुणाशी न बोलणारा दादा, तो अनिमेष. ते सुबक काम त्याचं आहे. येत्या रविवारी तू फायनल जिंकलास की तुझी खुर्ची त्याच्या शेजारी लागणार.

मी ठरवलं होतं असं: चकती काढायची, माऊस बंद करायचा आणि आज तो माणूस आला की गुपचूप देऊन टाकायचा. रविवारी तू आपल्या हातानं खेळशील, बहुतेक हरशील, मग सरांना तुझा उपयोग उरणार नाही आणि मी तुला घरी आणीन. पण या साध्या माऊसचा एक दोष मी विसरले. पोटाखाली चिकटवलेल्या पट्ट्या उचलल्याशिवाय त्याचे स्क्रू दिसत नाहीत, आणि एकदा उचललेली पट्टी पुन्हा तशी सपाट बसत नाही. मी दाबून दाबून बसवल्यात. कोपरा उठतोच आहे.

हे लिहिता लिहिताच तो आला, आत्ता बाहेरच्या खोलीत बसलाय. आईनं चहा दिलाय आणि ती त्याला तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगतेय. मी आत ओट्यावर कागद ठेवून लिहितेय आणि पार्टिशनच्या फटीतून मला त्याचे हात दिसतात. त्यानं माऊस उलटा केलाय. खालचं कुंकू पुसलं, आणि आता पट्टीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवतोय, पुन्हा पुन्हा. आईकडे बघून हसतोय. म्हणून विनू, रविवारची वाट बघू नकोस. प्रिती दाराशी चपला घालून उभी आहे, हे घेऊन ती थेट तुझ्याकडे येतेय. तुमच्या दारावर रोज बसतो तो माणूस हाच, काकू अनिमेषला भेटायला गेल्या तेव्हा ज्यानं त्यांना दारातून परतवलं, त्याचं वर्णन जसंच्या तसं आहे. म्हणजे तो इथे आहे तोवर तिथलं दार मोकळं आहे. फोन सोड, कपडे सोड, जुना माऊससुद्धा सोड. मागच्या खोलीतून अनिमेषला हाताला धरून उठव आणि दोघं प्रितीबरोबर खाली उतरा. इकडे घरी येऊ नका, लीलाकाकूंकडे जा, मी त्यांना आत्ताच मेसेज केलाय, त्या दार उघडं ठेवून बसल्यात. आईची काळजी करू नकोस, मी आहे. मी आता बाहेर जाऊन त्याला आणखी एक कप चहा घ्यायला लावते.

तुझीच,
ताई