ऑइलच्या मीटरचा काटा

मंगळवार, १२ एप्रिल १९८३, वर्धा

आज त्या काट्यानं माझी पार इज्जत घालवली. नागपूरच्या भंगार बाजारातून हौसेनं आणलेलं ऑइल प्रेशरचं मीटर! गाडीले दोन कार्बोरेटर लावले, रविवारी शर्यत आहे, म्हटलं इंजिनावर नजर पाहिजे. आता सारी नजर काट्यावरच, रस्त्यावर नाई.

सिंदी मेघेच्या अलीकडे काटा सरकत सरकत शून्यावर आला. प्रेशर नसताना पळवली तर इंजिन जाम होईल, म्हणून गाडी तिथंच बंद केली. शेवटी एका काकाजींनी बैल जुंपून गॅरेजपर्यंत ओढली.

"शर्यतीची गाडी म्हणतं, अन् माह्या बैलाच्या मागं काऊन बे?"

मी आपला खाली मान घालून स्टिअरिंग सांभाळत बसलो.

गुलाबभाऊ मिस्त्रीनं इंजिन चालू केलं, स्क्रू पिळायचा लांब पेचकस इंजिनाले टेकवला, मुठीले कान लावला. "मस्त बोलून राह्यलं. तुह्यं मीटरच खोटं. काढून फेक."

पण मागच्या साली याच कानानं माझी मोटरसायकल मस्त ठरवली होती. ती आठ दिवसांत जाम झाली! मग खरं कोण? कान की काटा? हे इंजिन गेलं तर दुसरं कुठून आणू?

वैतागून मीटरवर चिकटपट्टी लावली, अन् मोकळ्या मनानं पवनारपर्यंत चक्कर मारून आलो. मोकळं कसलं! जाताना-येताना सारा वेळ त्या पट्टीकडेच पाहून राह्यलो होतो.